विमानतळाच्या अलीकडचं जुनं गाव

बेंगळुरूला मुलाकडे किंवा लेकीकडे महिनाभर राहून आलेल्या आई-बाबांना विचारा, ‘काय काय बघितलंत?’ उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. लालबाग, कब्बन पार्क, एखादा मॉल आणि एका रविवारी पहाटे तीनला उठवून, गाडीत बसवून दाखवलेलं नंदी हिल्स. नंदी हिल्सबद्दल त्यांना काय आठवतं? अंधार, गाड्यांची रांग, धुकं, भाजलेलं कणीस आणि ‘चला चला, ट्रॅफिक वाढायच्या आत निघू या.’ सूर्योदय दिसला का? ‘दिसला असेल बाई. पुढे माणसं होती.’

तुमच्याही घरातलं कुणी बेंगळुरूत असेल तर या वेळी एक वेगळा बेत सुचवते. नंदीचा डोंगर बघायचाच, पण सगळ्यात शेवटी. सुरुवात करायची येलहंकापासून, आणि त्यासाठी दोन-तीन दिवस मोकळे ठेवायचे. नोकरी करणाऱ्या मुलाला सुट्टी मिळाली नाही तरी काही अडत नाही. हा प्रवास आजी-आजोबा आणि शाळेला सुट्टी असलेली नातवंडं मिळून आरामात करू शकतात.

येलहंका तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त लक्षात आलेलं नाही. विमानतळावर जाताना हेब्बाळच्या पुढे जो उंच उड्डाणपूल लागतो, त्याच्यावरून टॅक्सी सुसाट जाते ना, तेव्हा डाव्या अंगाला जे मागे पडतं ते येलहंका. विमानतळाला नाव केंपेगौडांचं. तिथे 2022 मध्ये त्यांचा 108 फुटी पुतळा उभा राहिला. तो घडवला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. पुतळ्यासोबत सगळे फोटो काढतात. पण केंपेगौडा ज्या गावचे नाडप्रभू होते ते गाव मात्र त्याच रस्त्यावर, वीसेक किलोमीटर अलीकडे, कुणाच्या खिजगणतीत नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असला की पुढचा प्रवास वेगळा दिसतो. नंदीच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी अवती नावाचं खेडं आहे. कांचीकडून आलेली काही भावंडं तिथे येऊन स्थिरावली, अशी या घराण्याची कथा सांगतात. त्यातली एक शाखा खाली येलहंकाला आली. त्याच शाखेतल्या केंपेगौडांनी 1537 मध्ये आणखी दक्षिणेला मातीचा कोट बांधून नवी पेठ वसवली. तीच बेंगळुरू. म्हणजे आज येलहंका हे बेंगळुरूचं उपनगर म्हणवतं, पण नात्याने ते बेंगळुरूची आई आहे. जुन्या पेठेच्या उत्तरेच्या वेशीचं नावच येलहंका गेट होतं. म्हैसूर बँक सर्कलजवळच्या मारुतीला अजूनही येलहंका गेट आंजनेय म्हणतात. वेस गेली, मारुती राहिला.

पेठ वसून शंभर वर्षं झाली आणि आपली माणसं तिथे पोचली. 1638 च्या सुमारास विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळुरू घेतलं. तिसऱ्या केंपेगौडांना मागडीला जावं लागलं आणि बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. बाल शिवाजीराजे जिजाऊंसोबत काही काळ इथे राहिले होते. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले. 1687 मध्ये मोगलांनी बेंगळुरू घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांना तीन लाखांना दिलं. जवळजवळ अर्धं शतक मराठी राबता असलेला हा मुलूख आहे. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिरात व्यंकोजींच्या दानाचा 1669 चा शिलालेख आहे. येलहंकाला जाता जाता तिथे थांबता येतं.

आता जुन्या गावात जाऊ. आधीच सांगते, कॅलेंडरवर छापतात तसं हे गाव नाही. कौलारू घरांची अखंड रांग, दगडी फरसबंदी, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅफे, असं काही मनात धरून जाल तर पाच मिनिटांत परत फिराल. चार मजली इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभं असलेलं एखादं ओसरीचं घर, विजेच्या तारांचं जाळं, हॉर्न, भाजीच्या हातगाड्या, मध्येच एखाद्या देवळाचं छोटं रंगीत गोपुर. पण गल्ल्यांची वळणं जुनी आहेत. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागेल एवढ्याच रुंद. देवळाभोवती फुलांचे गजरे विकणाऱ्या बायका इंचांत माप घेत नाहीत, कोपरापासून बोटापर्यंत हात मोजतात. ‘मोळ’ म्हणतात त्याला. आपल्याकडे कापडाला हात मोजायचे, तसंच. नातीला हे दाखवा. तिच्या वर्गातल्या पट्टीला ते कळणार नाही.

अशा गावात फिरायची योग्य वेळ म्हणजे सकाळी सातच्या आसपास. दारासमोर सडा घालून रांगोळी चाललेली असते (तिकडे तिला रंगवल्ली म्हणतात) आणि हॉटेलांत पहिल्या वाफेच्या इडल्या उतरत असतात. तट्टे इडली मागवा. ताटलीएवढी असते, एक पुरते. आजोबांना गोड आवडत असेल तर ‘चौ चौ भात’. नाव ऐकून दचकू नका. एका बशीत तिखट रव्याचा उपमा, म्हणजे खारा भात, आणि शेजारी शिरा, म्हणजे केसरी भात. यात तांदूळ नाहीत, तरी भात! आणि शेवटी ‘बाय-टू’ कॉफी. एक कॉफी दोन पेल्यांत. यात कंजूषपणा नाही, ही बेंगळुरूची रीत आहे. निम्मी कॉफी आणि दुप्पट गप्पा.

भाषेची भीती वाटते असं बऱ्याच आया सांगतात. खरं तर मराठी माणसाला कन्नड अर्धी ओळखीची असते. अण्णा, अक्का, अज्जी, अप्पा ही सगळी आपलीच माणसं. पेठेला पेटे. मोठ्याला दोड्ड, लहानाला चिक्क. गावाला हळ्ळी, डोंगराला बेट्ट, तलावाला केरे. एक शब्द मात्र मुद्दाम लक्षात ठेवा: निधान. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. रिक्षावाला वेगात निघाला की ‘निधानवागी होगी’ म्हणा, म्हणजे ‘सावकाश चला’. तो हसतो आणि खरोखर वेग कमी करतो.

या गावाचा खरा जीव आहे त्याच्या तळ्यात. येलहंकाचा तलाव तीनशे एकरांच्या आसपास पसरलेला आहे. सकाळी काठावरून लोक फेऱ्या मारत असतात. कानात इअरफोन, मनगटावर घड्याळ, पावलं मोजणं चालू. इथे मराठीही कानावर पडते. रेल्वेचा चाक कारखाना, हवाई दलाचा तळ, विमानतळ आणि आयटीतल्या नोकऱ्या यांनी येलहंकात आपल्याकडची बरीच कुटुंबं आणून ठेवली आहेत. बाकावर दोन आजोबा भेटतात, तेव्हा संवाद असा सुरू होतो:

‘कुठले म्हणायचे तुम्ही?’

‘मिरजेचा. मुलगा इथे असतो. तुम्ही?’

‘आम्ही नगरचे. लेकीकडे आलोय. आपल्याकडे पाऊस कसाय यंदा?’

आणि मग पुढचा अर्धा तास तलावाकडे पाठ करून दोघे पावसाबद्दल बोलतात. गंमत अशी की पावसाचं सगळं उत्तर त्यांच्या पाठीमागे पसरलेलं असतं.

कारण हे तळं नुसतं दिसायला सुंदर म्हणून तिथे नाही. बेंगळुरूजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. शहर उंचावर आहे, पडेल ते पाणी चारी दिशांना वाहून जातं. म्हणून इथल्या लोकांनी शेकडो वर्षं एकच गोष्ट केली: जिथे उतार सापडला तिथे आडवा बांध घातला आणि पाणी अडवलं. एक केरे भरलं की जादाचं पाणी सांडव्यावरून, म्हणजे ‘कोडी’वरून, ओढ्याने खालच्या केरेत. ते भरलं की त्याच्या खालच्या. अशा साखळ्या. बांधातल्या मोरीला ‘तूबु’ म्हणतात, मोठ्या पाटाला ‘राजकालुवे’. आणि कुणाच्या शेताला कधी, किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवणारा गावचा माणूस म्हणजे ‘नीरगंटी’. आपल्याकडचा पाटकरीच तो. येलहंका तलावाचं पाणी पुढे जक्कूरच्या तलावात जातं, तिथून राचेनहळ्ळीला, आणि असं करत करत शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीच्या खोऱ्यात.

हे एकदा कळलं की तळ्याभोवतीची फेरी बदलते. नातवाला सांगा, ‘पाणी आत कुठून येतं आणि बाहेर कुठून जातं, ते शोध.’ हा खेळ अर्ध्या तासात संपत नाही. इतका सोपा प्रश्न वाटतो, पण मोठ्यांनाही उत्तर पटकन सापडत नाही, कारण ओढ्यांवर आता रस्ते आणि इमारती आहेत. जिथे उत्तर सापडणार नाही तिथे काहीतरी बुजवलं गेलंय हे समजा. बेंगळुरूत मुसळधार पाऊस पडला की अमुक लेआउटमध्ये कमरेएवढं पाणी, अशा बातम्या येतात ना? पाणी जुन्याच वाटेने जात असतं, घरं त्याच्या वाटेत आलेली असतात.

तळी गेली म्हणजे काय होतं हे बघायला लांब जावं लागत नाही. मॅजेस्टिकचं गजबजलेलं बस स्थानक जिथे आहे तो एके काळी धर्मांबुधी तलाव होता. कांतीरवा स्टेडियम आहे तिथे संपंगी तलाव होता. बसमधून उतरताना आपण तळ्याच्या तळाशी पाय ठेवतो. येलहंकाचं तळं अजून तळं आहे, ही साधी गोष्ट नाही. जक्कूरला तर सांडपाणी शुद्ध करून, पुढे पाणवनस्पतींच्या पाणथळ पट्ट्यातून गाळून ते तलावात सोडतात. ते बघायलाही एक संध्याकाळ जरूर द्या.

पक्षी बघायचे असतील तर येलहंकातच पुट्टेनहळ्ळीचं छोटं तळं आहे. 2015 मध्ये त्याला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. इथे चित्रबलाक दिसतात, मान वळवून वळवून पिसं वाळवणारे तिरंदाज दिसतात, संध्याकाळी रातबगळे उठतात. दुर्बीण नसली तरी चालेल. घाई नसली पाहिजे एवढीच अट. पहिली दहा मिनिटं काहीच हलत नाही असं वाटतं. मग हळूहळू झुडपावरचा प्रत्येक ‘पांढरा कागद’ बगळा निघतो. पाच वर्षांच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर दिसतं, हे मी अनेकदा पाहिलंय. एक विनंती मात्र करते. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा.

तळ्याला एक दिवस, जुन्या गावाला एक सकाळ दिलीत की मग डोंगर. आणि इथे माझा सगळ्यात मोठा आग्रह: गाडी नको, आगगाडी.

येलहंका जंक्शनवरून चिक्कबळ्ळापूरकडे एक रेल्वेमार्ग जातो. 1915 साली तो सुरू झाला तेव्हा नॅरोगेज होता, झुकझुक गाडी म्हणावी तसा. नंतर ब्रॉडगेज झाला. आता त्यावर मेमू धावते. गाड्या मोजक्या आहेत, वेळाही बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी रेल्वेच्या अॅपवर नीट बघून घ्या आणि परतीची गाडीही तेव्हाच ठरवा. तिकीट इतकं स्वस्त की स्टेशनपर्यंतच्या रिक्षाला त्याहून जास्त पडतात. बेट्टहलसूर, दोड्डजाल, विमानतळाचा हॉल्ट, देवनहळ्ळी, अवतीहळ्ळी, वेंकटगिरीकोटे, नंदी हॉल्ट. विमानतळाच्या हॉल्टपर्यंत डोक्यावरून विमानं जातात. देवनहळ्ळीनंतर खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव, भाज्यांचे तुकडे, निलगिरीची झाडं दिसू लागतात, आणि मग क्षितिजावर पाठ उंचावून बसलेल्या बैलासारखा नंदीचा डोंगर.

अवतीहळ्ळी स्टेशन आलं की नातवंडांना जागं करा. हेच ते अवती, जिथून ती शाखा खाली येलहंकाला उतरली. तुम्ही बेंगळुरूची गोष्ट उलट्या बाजूने वाचत निघालेले आहात: शहर, मग त्याच्या आईचं गाव, मग आजोळ. आजोळी जाताना गाडी हळू असली तर बरंच.

नंदी हॉल्ट हे या मार्गावरचं सगळ्यात देखणं स्टेशन. बसकं, कौलारू, झाडीत दडलेलं. पडझड झालेली ही जुनी स्टेशनं इंटॅकच्या पुढाकाराने पुन्हा सावरली गेली. गाडी निघून गेली की इतकी शांतता पसरते की आपण शहरापासून दीड तासाच्या आत आहोत हे खरं वाटत नाही. इथून दीडेक किलोमीटरवर नंदी गाव, आणि गावात भोगनंदीश्वराचं मंदिर. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी चालावं, बाकीच्यांनी रिक्षा बघावी.

हे मंदिर नंदी हिल्सला जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं, आणि मला विचाराल तर वरच्या डोंगरापेक्षा ते जास्त मोलाचं आहे. मूळ नवव्या शतकाच्या सुरुवातीचं. नोळंब, गंग, बाण, चोळ, होयसळ, विजयनगर, प्रत्येकाने काही ना काही भर घातली, आणि तरीही सगळं एकाच हाताने केल्यासारखं दिसतं. दोन मोठी शिवालयं शेजारी शेजारी: अरुणाचलेश्वर आणि भोगनंदीश्वर. त्यांच्या मधोमध उमामहेश्वराचं छोटं देऊळ, आणि त्याच्यासमोरच्या मंडपाचे काळ्या दगडाचे खांब इतके बारीक कोरलेले की हात लावावासा वाटतो (लावू नका). अरुणाचलेश्वर म्हणजे शंकराचं बालपण, भोगनंदीश्वर म्हणजे तारुण्य, आणि डोंगरमाथ्यावरचा योगनंदीश्वर म्हणजे सगळं सोडलेला, विरक्त शिव. म्हणून उत्सव, लग्नं, थाटमाट सगळं खाली, वर काही नाही. पायथ्याशी संसार आणि माथ्यावर वैराग्य, अशी जागेची वाटणी करणाऱ्याला डोंगर नीट समजला होता.

मागच्या प्रांगणात कल्याणी आहे, म्हणजे पायऱ्यांची पुष्करणी. चारही बाजूंनी पायऱ्या खाली उतरत जातात, भोवती ओवऱ्या. दुपारच्या उन्हातही तिथे गारवा असतो. डबा नेला असेल तर मंदिराच्या बाहेर झाडाखाली खाऊन घ्या, आणि मग पुन्हा आत येऊन कल्याणीच्या ओवरीत नुसते बसा. आजी डुलकी काढतील. काढू द्या.

आता डोंगर. उंची 1,478 मीटर, म्हणजे बेंगळुरूपेक्षाही साडेपाचशे मीटर वर. नंदी गावातून वळसा घालून घाटरस्त्याने रिक्षाने किंवा गाडीने जाता येतं. तरुणांनी सुलतानपेटेकडून पायऱ्यांनी चढावं. हजाराहून जास्त पायऱ्या आहेत, पण मध्ये किल्ल्याचे जुने दरवाजे लागतात आणि त्यांतून आत शिरताना हा दुर्ग जिंकणं किती अवघड गेलं असेल ते पोटऱ्यांना कळतं. हैदर-टिपूंच्या काळात किल्ल्याची तटबंदी भक्कम झाली. ऑक्टोबर 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो घेतला. मग इंग्रजांना इथली हवा आवडली आणि म्हैसूरचे कमिशनर मार्क कब्बन यांनी वर बंगला बांधला.

सूर्योदयाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण पहाटे तीनला शहरातून निघून जाऊ नका. दुपारी उतरत्या उन्हात वर जा आणि रात्री तिथेच राहा. सरकारी निवासाची सोय आहे, आधी आरक्षण करावं लागतं. संध्याकाळी शेवटच्या गाड्या खाली गेल्या की डोंगर पुन्हा डोंगर होतो. माकडं निवांत होतात, वारा ऐकू येतो, खाली खेड्यांचे दिवे लागतात. सकाळी गर्दी वर पोचायच्या आत तुम्ही चहा घेऊन कठड्याशी बसलेले असता. धुक्यात काही दिसलं नाही तरी बिघडत नाही, धुकं विरेपर्यंत थांबायला तुमच्याकडे वेळ आहे. पहाटे धावत येणाऱ्यांकडे नेमका तोच नसतो.

या डोंगराने एका फार थकलेल्या माणसाला विसावा दिला होता. मार्च 1927 मध्ये कोल्हापूर-निपाणीच्या बाजूला खादीच्या दौऱ्यावर असताना गांधीजींचा रक्तदाब एकदम वाढला आणि डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. आधी काही दिवस आपल्या सावंतवाडीजवळच्या आंबोलीला, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात नंदीवर. जूनच्या सुरुवातीपर्यंत ते इथे होते. जवळजवळ दीड महिना! 1936 मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा सी. व्ही. रामन त्यांना भेटायला वर आले होते. ज्या डोंगराला आपण तीन तास देतो, तिथे देशातला सगळ्यात व्यग्र माणूस सहा आठवडे राहिला.

मी हे सगळं हौसेपोटी सांगतेय असं वाटेल, पण त्यामागे काळजीही आहे. ऑस्ट्रियात हॉलश्टाट नावाचं एक गाव आहे, तळ्याकाठी, मागे डोंगर, चित्रासारखं. राहणारी माणसं आठशेच्याही आत आणि गर्दीच्या दिवसांत येणारे हजारो. बस थांबते, लोक उतरतात, एका ठरावीक जागेवरून फोटो काढतात, परत चढतात. 2023 मध्ये वैतागून तिथे चक्क त्या दृश्याच्या आड लाकडी कुंपण उभं केलं. टीका झाल्यावर काढावं लागलं, आणि मग गावकरीच रस्त्यावर निदर्शनं करायला उतरले. नंदीवर रविवारी सकाळी याहून वेगळं काही चाललेलं नसतं. ऑगस्ट 2021 मध्ये अतिवृष्टीत शेजारच्या ब्रह्मगिरीचा उतार खचला, रस्ता वाहून गेला आणि डोंगर काही महिने बंद ठेवावा लागला. आजूबाजूच्या टेकड्यांना दगडखाणी पोखरताहेत. रोपवेची योजनाही आहे. तो झाला तर आजी-आजोबांची सोय होईल हे खरं, पण माणशी वेळ आणखी कमी होईल हेही खरं. याच डोंगरात अर्कावती उगम पावते. तिचं पाणी हेसरघट्ट्याच्या तलावात अडवून 1890 च्या दशकात बेंगळुरूला पहिल्यांदा नळाने पाणी मिळालं. फोटोच्या मागे असलेला डोंगर शहराची घागर होता.

एक मुक्काम करणारं कुटुंब आणि तीन तासांत परत फिरणाऱ्या चार गाड्या, यांच्यात डोंगराला काय परवडतं ते उघड आहे. गावालाही. मुक्काम करणारा माणूस इडली खातो, रिक्षा करतो, गजरा घेतो, द्राक्षं घेतो. तीन तासवाला पार्किंगचे पैसे देतो आणि वेफर्सचं पाकीट मागे सोडतो.

उतरताना वेळ असेल तर मुद्देनहळ्ळीला जाऊन या, नंदीच्या पायथ्याशीच आहे. 1861 मध्ये इथे विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. त्यांचं घर आणि संग्रहालय बघता येतं, समाधीही तिथेच आहे. केऱ्यांच्या या मुलखातला मुलगा पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झाला, त्याची पहिली नेमणूक नाशिकला झाली आणि 1903 मध्ये खडकवासल्याच्या धरणाला त्याने पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पुणेकरांनी तरी तिथे नमस्कार करायला हवा.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर चिक्कबळ्ळापूरला उतरून बाजारात चक्कर मारा. मोसमात बेंगळुरू ब्लू जातीची काळीभोर द्राक्षं मिळतात. साल जाड, वास असा की पिशवी बंद असली तरी डबाभर दरवळतो. आणि देवनहळ्ळीचं पपनस दिसलं तर नक्की घ्या. तिकडे त्याला चकोता म्हणतात, त्याला भौगोलिक मानांकन आहे. फळ मोठं, साल जाड, सोलायला वेळ लागतो. येलहंका येईपर्यंत जेमतेम सोलून होतं.